आवाज येतो, चित्र दिसत नाही : घरच्या टीव्हीच्या दुरुस्तीबद्दल वाचकांचे प्रश्न

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच असतो. पुढे काचेचं पॅनेल, त्यामागे उजेडासाठी एलईडीच्या पट्ट्या, आणि पाठीला बोर्ड : वीज पुरवणारा सप्लाय, सगळा कारभार पाहणारा मेन बोर्ड आणि पॅनेलला चित्र पोचवणारा टीकॉन. स्वस्त ३२ इंची संचांत सप्लाय आणि मेन बोर्ड एकाच पाटीवर असतात. बिघाड यांपैकी कुठे आहे ते आधी शोधायचं आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. वॉरंटी शिल्लक असेल तर एकही स्क्रू काढू नका.

प्रश्न : पाच वर्षांचा ३२ इंची टीव्ही आहे. बातम्या ऐकू येतात, रिमोटने चॅनेल बदलतात, पण पडदा काळा. दुकानदार म्हणतो पॅनेल गेलं, नवाच घ्या. खरंच तसं आहे का? (वाचक, सांगली)

बहुतेक नसावं. खात्री करायला फक्त टॉर्च लागतो. खोलीत अंधार करा, टीव्ही लावा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यापासून दोन-तीन बोटांवर तिरपा धरून हळूहळू फिरवा. माणसं, अक्षरं, मेनू असं काही पुसट हलताना दिसलं तर पॅनेल, टीकॉन आणि मेन बोर्ड तिन्ही ठीक आहेत. गेला आहे तो मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट.

पट्ट्यांवरचे दिवे एकापुढे एक, जुन्या दिव्यांच्या माळेसारखे जोडलेले असतात. एक दिवा आतून तुटला की सगळी माळ विझते. चालू करताना पडदा क्षणभर उजळून मग काळा होत असेल तर ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज देणारं बोर्डावरचं सर्किट, जिवंत आहे, पण कुठल्यातरी माळेत गडबड दिसल्यामुळे तो स्वतःला बंद करून घेतोय. अजिबात उजळत नसेल तर माळ पूर्ण तुटलेली आहे किंवा ड्रायव्हरच गेला आहे.

दोष माळेत की ड्रायव्हरमध्ये हे ओळखायला एलईडी बॅकलाइट टेस्टर लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत तो मिळतो. टीव्हीचा प्लग काढून, पट्ट्यांचा कनेक्टर बोर्डावरून सोडवून टेस्टरच्या दोन पिना त्याला लावायच्या. माळ पेटली आणि पेटलेलीच राहिली तर दोष बोर्डावर. पेटली नाही तर पट्ट्या बदलायच्या. टेस्टर ३०० व्होल्टपर्यंत जातो, करंट कमी असला तरी चटका बसतो, तेव्हा पिनांच्या धातूला हात नको. साध्या मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर ३ व्होल्टचा दिवा फार तर मिणमिणतो. ६ व्होल्टचा पेटतच नाही, आणि त्यावरून दिवा मेला असं समजून चांगल्या पट्ट्या फेकल्या जातात.

प्रश्न : पट्ट्या घरी बदलता येतील का? कोणत्या घ्यायच्या? (तेच वाचक)

३२ इंचापर्यंत, हाताला सवय असेल तर येतील. ४३ इंचाला दोन माणसं हवीत. ५५ इंचाच्या वाटेला घरी जाऊ नये. ती काच नुसत्या स्वतःच्या वजनाने लवते आणि तडकते.

आधी पट्टीवर छापलेला नंबर पाहून तीच मागा. तो नंबर मिळाला नाही तर पट्टीची लांबी, दिव्यांची संख्या, दोन दिव्यांमधलं अंतर, कनेक्टरची बाजू आणि दिवा ३ व्होल्टचा की ६ व्होल्टचा, हे सगळं जुळलं पाहिजे. ३ व्होल्टचे ६ दिवे असलेल्या तीन पट्ट्या म्हणजे साधारण ५४ ते ५८ व्होल्टची माळ. ६ व्होल्टचे ६ दिवे असलेल्या दोन पट्ट्या म्हणजे ७२ व्होल्टच्या आसपास. एकीच्या जागी दुसरी बसवली तर ड्रायव्हर ते ओव्हरव्होल्टेज किंवा शॉर्ट समजतो आणि बंद पडतो. पट्ट्या सगळ्याच बदला. फक्त मेलेला दिवा बदलला तर बाकीचे दिवे थकलेलेच राहतात. पडद्यावर उजेडाचा पट्टा दिसतो आणि दोन-चार महिन्यांत पुढचा दिवा जातो.

संच जाड गोधडीवर पालथा ठेवून मागचं झाकण काढा. कुठला स्क्रू कुठला, हे कागदावर मांडून ठेवा; आखूड स्क्रूच्या जागी लांब बसला तर तो आतून पॅनेलपर्यंत पोचतो. प्रत्येक कनेक्टर सोडवण्याआधी फोटो काढा. मग संच उताणा करून पुढची चौकट काढायची आणि काच उचलायची. या कामातली खरी भीती इथे आहे. काचेच्या एका कडेला, बहुधा खालच्या, एक लांबट पातळ पाटी असते. ती काचेला तपकिरी फितींनी चिकटलेली असते. या फिती वाकल्या किंवा ओढल्या गेल्या की पॅनेल संपलं, त्यांना इलाज नाही. म्हणून आधी पाटीचे स्क्रू सोडवायचे आणि काच व पाटी एकाच वेळी, एकाच पातळीत उचलायची. तळव्यांनी धरायची. चिमटीत धरू नका.

काचेखाली दोन-तीन पातळ शीट आणि सर्वांत खाली जाडसर पांढरा डिफ्यूझर असतो. त्यांच्या एका कोपऱ्याला चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे क्रम आणि बाजू चुकणार नाही. हातात सुती मोजे घाला आणि पंखा बंद ठेवा. शीटमध्ये अडकलेला केस किंवा बोटाचा ठसा नंतर रोज मालिका बघताना डोळ्यांत खुपतो.

जुनी पट्टी काढल्यावर मागच्या पत्र्यावरचा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. दिव्याची उष्णता याच पत्र्यातून बाहेर जाते, त्यामुळे पट्टी सगळीकडे चिकटून बसली पाहिजे. मधे फुगलेली पट्टी लवकर जळते. बंद करण्याआधी टेस्टरवर सगळी माळ १० मिनिटं पेटती ठेवून पाहा.

संच परत लागला की मेनूत जाऊन बॅकलाइट ५० ते ६० वर आणा आणि पिक्चर मोड व्हिविडवरून स्टँडर्डवर. दुकानात उठून दिसावा म्हणून तो १०० वर ठेवलेला असतो, आणि दिवे मरायचं मोठं कारण तेच. एक गल्लत मात्र करू नका : बऱ्याच मेनूंमध्ये ‘ब्राइटनेस’ म्हणजे चित्रातल्या काळ्या रंगाची पातळी असते. ती कमी करून चित्र काळवंडतं, दिव्यांवरचा ताण कमी होत नाही. ‘बॅकलाइट’ असं लिहिलेलाच आकडा उतरवा.

प्रश्न : पडद्यावर नाण्याएवढे पांढरे ठिपके दिसू लागले आहेत. आधी एक होता, आता चार. (वाचक, परभणी)

प्रत्येक दिव्यावर उजेड पसरवणारं प्लॅस्टिकचं भिंग चिकटवलेलं असतं. उष्णतेने गोंद सुकला की ते गळून पडतं आणि त्या दिव्याचा झोत सरळ पडद्यावर येतो. टीव्हीला यातून धोका नाही, त्यामुळे चालवून घेता येईल तितकं घ्या. दुरुस्त करायचं तर वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण उघडावा लागेल. पडलेली भिंगं चौकटीच्या तळाशी सापडतात. ती दोन नळ्यांच्या एपॉक्सीने, पायांना टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावून बसवा. झटपट चिकटणारा सुपर ग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने भिंगावर पांढरी साय धरते. न पडलेली भिंगंही हलवून पाहा. त्यांचा गोंद तितकाच जुना आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीत न्यूट्रल तुटला. सगळ्यांचे बल्ब भपकन मोठे झाले आणि आमच्या टीव्हीतून ‘फट’ असा आवाज आला. आता लाल दिवाही लागत नाही. स्टॅबिलायझर असता तर वाचला असता का? (वाचक, लातूर)

खांबावरून घरांना येणाऱ्या तीन फेजना न्यूट्रल एकच असतो. तो तुटला की दोन फेजमधली घरं एकमेकांशी सिरीजमध्ये जोडली जातात. ज्या घरात भार कमी, तिथे २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत दाब चढतो. ‘फट’ आवाज बहुधा एमओव्हीचा. सप्लाय बोर्डावर प्लगची वायर येते तिथे फ्यूजजवळ निळी किंवा पिवळी, गोळीसारखी चपटी वस्तू असते ती. तिच्यावर ४७१ असं लिहिलेलं असेल तर ती साधारण ३०० व्होल्ट एसीपर्यंत गप्प राहते. त्यापुढे स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि मागचा बोर्ड वाचवते. म्हणजे तुमचा संच वाचलेला असण्याची शक्यता बरी आहे.

पण हात घालण्याआधी हे वाचा. याच बोर्डावर सर्वांत मोठा कंडेन्सर असतो, ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला. प्लग काढल्यावरही त्यात सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असू शकतात, आणि बंद पडलेल्या बोर्डात तर ते बराच वेळ टिकू शकतात. मल्टीमीटर डीसी १००० व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन पायांवर मोजा. दाब असेल तर २.२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी दोन पायांना लावून १० सेकंद धरा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी उडवायची पद्धत कारागीर सर्रास वापरतात. त्यात बोर्डावरची पट्टी जळते आणि कधी डोळ्यांत वितळलेला धातू उडतो. ते करू नका.

मग फ्यूज पाहा. काच स्वच्छ आणि नुसती तार तुटलेली असेल तर भार थोडाच वाढला होता. काच आतून काळी झाली असेल तर पुढे कडक शॉर्ट आहे. एमओव्ही फुटली असेल तर ती कापून काढा आणि मल्टीमीटरच्या बझरवर ब्रिज डायोडचे (एसीचं डीसी करणारा भाग) पाय आणि मॉसफेटचे (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) ड्रेन-सोर्स हे दोन पाय तपासा. कुठेच ‘टूं’ वाजलं नाही तर त्याच नंबरची एमओव्ही आणि त्याच अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूजच्या टोपीवर टी ३.१५ ए २५० व्ही असं लिहिलेलं असेल तर त्यातला ‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा. तोही जुळवा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावायचा मोह आवरा.

पहिल्यांदा वीज देताना मधे सिरीज बोर्ड घ्या : ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब, टीव्हीशी सिरीजमध्ये. एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर शॉर्ट नाही. पूर्ण पेटून राहिला तर बोर्डात अजून शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे नवा फ्यूज वाचला. बल्ब मधे असताना चित्र नीट आलं नाही तरी घाबरू नका, बॅकलाइटच्या भाराने दाब उतरतो. मंद बल्ब आणि लाल दिवा एवढं दिसलं की थेट प्लग लावून पाहा.

स्टॅबिलायझरबद्दल. आजच्या बहुतेक संचांचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर सहज चालतो, म्हणजे कमी दाबासाठी स्टॅबिलायझरची गरजच नाही. न्यूट्रल तुटल्यावर लागतो तो घराच्या मुख्य पेटीत बसणारा ओव्हरव्होल्टेज कटऑफ. ठरवलेल्या दाबाच्या वर तो अख्ख्या घराची वीज तोडतो. फ्रिज, पाण्याची मोटर, टीव्ही सगळंच त्यात सांभाळलं जातं. इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्या. टीव्हीपुरता पैसा खर्च करण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

प्रश्न : थंडीत सकाळी टीव्ही लवकर लागत नाही. लाल दिवा लुकलुकत राहतो. आठ-दहा वेळा बटण दाबलं की लागतो आणि मग रात्रीपर्यंत छान चालतो. (वाचक, नाशिक रोड)

कंडेन्सर सुकले आहेत. सप्लायच्या दुसऱ्या टोकाला, १२ किंवा ५ व्होल्टच्या ओळीवर, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन-तीन कंडेन्सर असतात. आतलं द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतं, कंडेन्सरचा अंतर्गत अडथळा वाढतो आणि थंडीत तो आणखी वाढतो. सुरुवातीच्या झटक्याला १२ चे ९-१० व्होल्ट होतात, मेन बोर्ड जागा होता होता पुन्हा झोपतो. दोन-चारदा प्रयत्न केल्यावर कंडेन्सर जरा ऊबदार होतो आणि काम जमतं.

डोकं फुगलेला किंवा बुडाशी ओल आलेला कंडेन्सर नजरेनेच कळतो. सपाट डोक्याचाही बाद असू शकतो, म्हणून त्या ओळीवरचे सगळे एकदमच बदला. दहा-वीस रुपयांची वस्तू. मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितके किंवा जास्त (१६ च्या जागी २५ चालेल, १० मुळीच नाही), १०५ अंशांचा आणि लो ईएसआर, म्हणजे अंतर्गत अडथळा कमी असलेला. ८५ अंशांचा स्वस्त कंडेन्सर वर्षभरात पुन्हा उघडायला लावतो. अंगावर उभी पट्टी असलेला पाय वजा. उलटा लावला तर फुटतो. सोल्डरिंग आयर्न २५ ते ४० वॉटचं पुरे. आणि नवा कंडेन्सर बसेल का, त्याची उंची-जाडी दुकानातच मोजा. मागचं झाकण लागेनासं झालं की वैताग येतो.

प्रश्न : पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेष आहे. कडेला दाबलं की जाते. आत कागदाची घडी घालून दाब द्यायचा उपाय व्हिडिओत पाहिला. करू का? (वाचक, बडोदा)

नको. दाबल्यावर रेष जाते याचा अर्थ तपकिरी फीत काचेपासून सुटू लागली आहे. घडीचा दाब एका जागी धरून ठेवतो आणि उष्णतेने शेजारची जागा सुटते, एकीच्या चार रेषा होतात. फीत पुन्हा चिकटवायला बाँडिंग मशीन लागतं. शहरांत ते काम होतं, पण टिकेलच असं नाही, म्हणून किती महिन्यांची हमी देणार हे आधी लिहून घ्या. एकच बारीक रेष असेल तर तिच्यासह टीव्ही पाहणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

त्याआधी एक खात्री करा. टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. रेष मेनूवरूनही जात असेल तर दोष पॅनेलच्या बाजूचा. मेनू स्वच्छ दिसत असेल तर सेट-टॉप बॉक्स किंवा त्याची केबल बघा. अर्धा पडदा काळा, किंवा पूर्ण पडदा पांढरा असेल तर मात्र आशा आहे. मेन बोर्डकडून टीकॉनकडे जाणारी चपटी केबल काढून, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळल्यावर सरळ बसवा. कनेक्टरचं झडप असेल तर ते आधी उचलायचं, केबल ओढायची नाही. टीकॉनवरचा तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूजही उडतो. प्लग काढून मल्टीमीटरच्या बझरवर तो वाजला पाहिजे.

प्रश्न : स्मार्ट टीव्ही कंपनीच्या लोगोवरच अडकतो आणि पुन्हा सुरू होतो. (वाचक, मडगाव)

पेनड्राइव्ह, एचडीएमआय, सगळं काढा. प्लग काढून टीव्हीवरचं पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, १० मिनिटांनी लावा. जमलं नाही तर टीव्हीचं बटण दाबून धरूनच प्लग लावा. बऱ्याच संचांत रिकव्हरी मेनू उघडतो आणि फॅक्टरी रीसेट करता येतो. सॉफ्टवेअर पुन्हा भरायचं असेल तर पेनड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट करून फाइल बाहेरच, कुठल्याही फोल्डरविना ठेवा. फाइल मागच्या स्टिकरवरच्या पूर्ण मॉडेल नंबरची हवी, आणि बिनब्रँडच्या संचांत बोर्डाचा नंबर व पॅनेलचं रिझोल्यूशनही जुळायला हवं. चुकीची फाइल गेली तर चित्र उलटं किंवा फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. भरताना वीज जाता कामा नये, तेव्हा इन्व्हर्टरवर करा. एवढं करूनही लोगोच दिसला तर मेन बोर्डावरची मेमरी थकली आहे. ती घरी होत नाही, बोर्डच बदलावा लागतो.

प्रश्न : पावसाळ्यात आवाज आपोआप शंभरपर्यंत चढतो. भूत असल्यासारखं! (वाचक, चिपळूण)

कोकणातल्या दमट हवेने टीव्हीवरच्या बटणांत ओल शिरते आणि ‘व्हॉल्यूम अप’ दाबलेलंच राहतं. आधी रिमोटमधले सेल काढून पाहा. तरीही आवाज चढला तर दोष टीव्हीच्या बटणांचा. मागचं झाकण काढून बटणांच्या छोट्या पाटीकडे जाणारा कनेक्टर सोडवा. ज्या संचांत रिमोटचा डोळा वेगळ्या पाटीवर आहे, तिथे रिमोटवर सगळं चालत राहतं. कायमचं करायचं तर ६ बाय ६ मिलिमीटरचा चार पायांचा टॅक्ट स्विच बदला.

रिमोटच बंद असेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून त्यासमोर बटण दाबा. रिमोटच्या टोकाला जांभळट उजेड लुकलुकला तर रिमोट चांगला आहे. मागचे कॅमेरे हा उजेड बऱ्याचदा गाळून टाकतात.

तुमच्याकडे विजाही बऱ्याच. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर छत्रीची केबलही काढा. टीव्ही नुसता बटणाने बंद करून काही उपयोग नाही. छत्रीतून आलेला झटका सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयवाटे मेन बोर्डात शिरतो. असा एखादा पोर्ट जळला तर दुसऱ्या पोर्टवर, तेही मेले असतील तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्हीवर जोडून पाहा.

प्रश्न : मुलाचा चेंडू लागून पडदा फुटला. काच बदलता येईल का? (वाचक, ठाणे)

नाही. फुटली ती वरची काच नव्हे, पॅनेलच, आणि नव्या पॅनेलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीइतकी. संच मात्र भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. त्याचे सप्लाय, मेन बोर्ड, पट्ट्या आणि स्पीकर चांगले आहेत. जवळचा टीव्ही मेकॅनिक मॉडेल नंबर पाहून ते सुटे विकत घेईल. उरलेलं फुटकं पॅनेल ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्यायचं. नेताना फुटलेल्या बाजूवर रुंद चिकटपट्टी लावा, तिचे काचकण फार बारीक असतात.